पंधरा-चाळीस की वीस-पन्नास? वऱ्हाडातल्या जुन्या पिकअपच्या इंजिन ऑइलचा आढावा

दिवाळीच्या आसपास वऱ्हाडात पिकअपला उसंत नसते. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहराची संत्री उतरत असते, अकोट-तेल्हाऱ्याचा कापूस जिनिंगकडे निघालेला असतो आणि सोयाबीनची पोती अमरावती-अकोल्याच्या बाजार समित्यांबाहेर रांगेत उभी असतात. हा माल ओढणाऱ्या बऱ्याच गाड्या हात बदललेल्या असतात. पाच-सात वर्षं चाललेली बोलेरो पिकअप, दोन मालक पाहिलेला छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, पुण्या-नागपूरहून आणलेली दोस्त किंवा योद्धा. गाडी नावावर झाली की नवा मालक ती आधी गॅरेजला नेतो, ऑइल बदलायला. तिथे मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय टाकू भाऊ, पंधरा-चाळीस का वीस-पन्नास?"

या प्रश्नावर वऱ्हाडात ढोबळमानाने चार मतं ऐकू येतात. पहिलं पुस्तिकेचं: कंपनीने लिहून दिलंय तेच टाका. दुसरं जाड ऑइलवाल्यांचं: "इंजिन म्हातारं झालं, आता जाडंच पाह्यजे. गाडी ठंडी राह्यते, धूर कमी मारते." तिसरं सिंथेटिकवाल्यांचं: महागाचं टाका आणि दुप्पट चालवा. चौथं ड्रमवाल्यांचं: लूज ऑइल घ्या, स्वस्त पडतं, फक्त लवकर लवकर बदला.

चारही मतांमागे कुणाचा ना कुणाचा अनुभव आहे, म्हणून एकालाही हसण्यावारी नेता येत नाही. पण चारही जण ऑइलबद्दल बोलतात, गाडीबद्दल कमी. जुन्या पिकअपला कोणतं ऑइल, हे तीन गोष्टींवर ठरतं: गाडी कोणत्या प्रदूषण मानकाची आहे, तिचं इंजिन आतून कसं आहे आणि ती रोज काय काम करते. ब्रँडचा विचार या तिन्हींनंतर करायचा.

डब्यावरचे दोन आकडे

डब्यावर '१५डब्ल्यू-४०' लिहिलेलं असतं. ही जाड-पातळपणाची, म्हणजे दाटपणाची प्रतवारी आहे. ती 'एसएई' या अमेरिकी अभियंता संघटनेने ठरवलेली आहे. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. '१५डब्ल्यू'साठी इंजिन फिरण्याची चाचणी उणे २० अंशांवर घेतात, '२०डब्ल्यू'साठी उणे १५ अंशांवर. चिखलदऱ्यात कडाक्याची थंडी पडली तरी पारा उणे १५ च्या आसपासही जात नाही. त्यामुळे या आकड्याची काळजी लडाखच्या ड्रायव्हरने करावी, परतवाड्याच्या नव्हे.

दुसरा आकडा कामाचा. तो १०० अंश सेल्सिअसवरचा दाटपणा सांगतो. या तापमानाला '४०' प्रतीचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या मध्ये असावं लागतं आणि '५०' प्रतीचं १६.३ ते २१.९ च्या मध्ये. म्हणजे ४० च्या जागी ५० टाकलं तर गरम इंजिनमधलं ऑइल खरोखर जाड होतं, यात जाड ऑइलवाले चुकत नाहीत.

मात्र बेअरिंगच्या अरुंद फटीत ऑइल नुसतं गरम नसतं, प्रचंड वेगाने घासलंही जात असतं. त्यासाठी १५० अंशांवर वेगळी चाचणी आहे. तिथे पंधरा-चाळीस आणि वीस-पन्नास दोघांनाही एसएईने ठरवून दिलेली किमान मर्यादा एकच आहे, ३.७ मिलिपास्कल-सेकंद. बाजारातलं प्रत्यक्ष वीस-पन्नास या मर्यादेच्या बऱ्यापैकी वर असतं हे खरं. तरी इंजिन बनवणाऱ्याने ज्या फटी पंधरा-चाळीससाठी ठेवल्या आहेत, तिथे पंधरा-चाळीस कमी पडत नाही, एवढं यावरून निश्चित होतं.

ऊन बाहेरचं, ताप आतला

"आपल्याकडचं ऊन पाहा, इथे जाडच लागणार," हा वऱ्हाडातला सगळ्यात जोरकस मुद्दा. ऊन खोटं नाही. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा दिवशी बोनेटला हात लावला तर पोळतो.

पण ऑइलला ते ऊन थेट लागत नाही. इंजिनमधलं पाणी थर्मोस्टॅट ८०-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. भरलेल्या गाडीत ऑइल १००-१२० अंशांपर्यंत तापतं, मग बाहेर डिसेंबर असो की मे. '४०' हा आकडा मुळात याच तापमानाच्या हिशेबाने दिलेला आहे.

ऊन घाला घालतं ते रेडिएटरच्या वाटेने. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५. हवा ४५ झाली की फरकही ४५ वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते. नवा, स्वच्छ रेडिएटर ही घट पचवतो, कारण कंपनीने तेवढी जागा ठेवलेली असते. दहा वर्षांच्या गाडीचा अर्धा बुजलेला रेडिएटर ती पचवू शकत नाही. मग काटा वर चढतो आणि दोष पातळ ऑइलला लागतो. जाड ऑइलने ही उष्णता कमी होत नाही. उलट ते ढवळायला इंजिनला जास्त जोर लागतो आणि त्यातून थोडी उष्णता वाढतेच.

त्यात रस्तेही बदलले. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर दरम्यान, एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. पूर्वी खड्ड्यांमुळे पिकअप आपोआप हळू चालायची आणि इंजिनला मधूनमधून दम मिळायचा. आता तीच जुनी गाडी दीड टन माल घेऊन तास-दोन तास एका दमात ऐंशीच्या वेगाने पळते. मेळघाटाकडे वेगळीच परीक्षा असते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना रस्ता सातशे मीटरहून अधिक चढतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असते, इंजिन जोरात फिरत असतं आणि समोरून वारा जवळजवळ नसतो. हा ताप हवामानाचा नाही, कामाचा आहे. त्याचा हिशेब ऑइल किती दिवसांनी बदलायचं यात धरायचा, जाडीत नाही.

गाडीचं साल आणि डब्यावरची अक्षरं

गॅरेजमध्ये वाद होतो आकड्यांवर, पण चूक महागात पडते ती अक्षरांची. डब्यावर 'एपीआय' या शिक्क्यापुढे 'सीएच-४', 'सीआय-४ प्लस', 'सीके-४' असं काहीतरी असतं. 'सी'ने सुरू होणारी अक्षरं डिझेल इंजिनसाठी, 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलसाठी. पुढचं अक्षर जितकं वरचं तितका दर्जा नवा. सीएफ-४ हा १९९० च्या सुमाराचा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीजे-४ २००६ चा, तर सीके-४ २०१६ च्या शेवटी आला. इंजिनांमध्ये काजळी वाढत गेली, धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआर व्यवस्था आली, मागे गाळण्या बसल्या. प्रत्येक वेळी ऑइलला नवं काम शिकावं लागलं.

म्हणून आधी गाडीचं आरसी पुस्तक किंवा कार्ड उघडावं. त्यावर बीएस-३, बीएस-४ की बीएस-६ हे नोंदलेलं असतं. निव्वळ सालावरून अंदाज बांधला तर फसगत होते. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, पण मुंबई-पुण्यासारख्या १३ शहरांत ते २०१० पासूनच टप्प्याटप्प्याने आलं होतं. अमरावती आणि अकोला त्या यादीत नव्हते. त्यामुळे २०१४ ची अकोल्याच्या एमएच-३० पासिंगची पिकअप बीएस-३ असू शकते आणि त्याच सालची पुण्याहून आणलेली बीएस-४. दोघी शेजारी उभ्या केल्या तर ओळखू येणार नाहीत, पण दोघींच्या पुस्तिकांत ऑइलचा दर्जा वेगळा असू शकतो.

बीएस-३ आणि त्याआधीची साधी इंजिनं ऑइलच्या बाबतीत पुष्कळसं माफ करतात. छोटा हत्ती २००५ मध्ये आला तो ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनासह. अशा इंजिनाला सीएच-४ किंवा सीआय-४ चं पंधरा-चाळीस पुरून उरतं. कॉमन रेल आणि टर्बो असलेल्या, विशेषतः बीएस-४ गाड्यांत ईजीआरमुळे काजळी जास्त होते. तिथे सीआय-४ प्लस किंवा त्यावरचं घ्यावं.

बीएस-६ म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या. आता त्याही सेकंडहँड बाजारात आल्या आहेत आणि खरा धोका इथे आहे. यातल्या अनेक डिझेल गाड्यांत सायलेंसरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी असते. अडकलेली काजळी गाडी स्वतः जाळून टाकते. पण इंजिनमध्ये थोडं ऑइलही जळत असतं आणि त्यातल्या धातूयुक्त रसायनांची राख होते. राख जळत नाही. ती गाळणीत साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं: सीके-४ किंवा पुस्तिकेत दिलेला युरोपीय 'एसीईए' दर्जा. त्यांत जुनं सीआय-४ टाकलं तर इंजिन लगेच बिघडत नाही. काही महिन्यांनी गाळणी तुंबते, गाडी ओढेनाशी होते आणि नव्या गाळणीच्या किमतीत कित्येक वर्षांचं ऑइल आलं असतं. तुंबलेली गाळणी काढून नळी जोडून देणारेही भेटतात. ते बेकायदा आहे, आणि तशी गाडी विकत घेणाऱ्याने ती तशी आहे हे आधी तपासलं पाहिजे.

उलट दिशेने मात्र चालतं. सीके-४ जुन्या बीएस-३, बीएस-४ इंजिनातही टाकता येतं, तो दर्जा मागच्यांना धरून बनवलेला आहे. पूर्वी याला एक अडचण होती. डिझेलमध्ये गंधक जास्त असे आणि त्यातून तयार होणारं आम्ल मारायला जास्त क्षारवाल्या, म्हणजे जास्त राखेच्या ऑइलचा उपयोग होई. बीएस-३ काळात गंधक दशलक्षात ३५० भागांपर्यंत चालत होतं. एप्रिल २०२० पासून देशभर ते १० भागांवर आलं. पंपावरचं डिझेल भरणाऱ्याला ही काळजी उरलेली नाही. कडेला मिळणाऱ्या स्वस्त, बिनबिलाच्या इंधनावर चालणाऱ्या गाडीची हमी मात्र कोणतंच ऑइल देणार नाही.

पेट्रोल किंवा सीएनजीवरच्या छोट्या मालगाड्यांचं सगळं वेगळं. त्यांना 'एस' अक्षराचं, बहुधा पातळ ऑइल लागतं. तिथे पुस्तिकेबाहेर जाऊच नये.

जाड ऑइल कधी चालतं

आता म्हाताऱ्या इंजिनाकडे. रिंगा आणि बोर घासले की जळका वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. यालाच मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. चालू इंजिनचं ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि तिथून भकाभका धूर आला, तर समजायचं. सायलेंसरचा निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर इंधन-हवेच्या बिघाडाचा, त्याचा ऑइलशी संबंध नाही. गरम इंजिन मंद फिरत असताना ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर बेअरिंग किंवा पंप थकला.

अशा इंजिनात वीस-पन्नास टाकलं की धूर कमी होतो, ठोका दबतो, दिवा विझतो. हा फरक खरा असतो. पण वाढलेला दाब म्हणजे वाढलेला पुरवठा नव्हे. जाड ऑइल वाहायला अडतं, म्हणून दाब जास्त दिसतो. टर्बो असेल तर हे अडणं घातक ठरतं. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढे फिरतो आणि इंजिन सुरू होताच त्याला ऑइल मिळावं लागतं. जाड ऑइल ही काठी आहे. तिने चालता येतं, गुडघा बरा होत नाही.

काठीलाही तिची वेळ असते. इंजिन साधं, बिनटर्बोचं आहे, झिजलेलं आहे हे माहीत आहे, हंगाम उरकल्यावर काम काढायचं ठरलं आहे आणि तोवर भाडं थांबवणं परवडत नाही, अशा मालकाने काही महिने जाड ऑइलवर काढले तर त्याला वेडा म्हणता येणार नाही. मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. एक, दुकानातले वीस-पन्नासचे अनेक डबे मोटरसायकल किंवा पेट्रोल इंजिनसाठी असतात. डब्यावर 'सी' अक्षराचा दर्जा नसेल तर तो डबा आपला नाही. दोन, हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागत असेल तर प्रश्न डब्याचा राहिलेला नाही, इंजिन उघडण्याचा आहे.

घरात ट्रॅक्टर असेल तर आणखी एक सापळा असतो. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या वीस लिटरच्या बादलीतून पिकअपमध्ये लिटरभर ओतलं जातं. ती बादली इंजिन ऑइलची असेल आणि दर्जा जुळत असेल तर भागतं. हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं ऑइल असेल तर ते इंजिनात जाताच कामा नये.

घेणाऱ्याच्या बाजूने जाड ऑइलचा अर्थच वेगळा. विकणारा कधी कधी गाडी दाखवण्याआधी जाड ऑइल भरून ठेवतो, म्हणजे धूर आणि आवाज महिनाभर झाकला जातो. म्हणून गाडी थंड असताना पाहावी, आपल्यासमोर सुरू करायला लावावी. ऑइल नुकतंच बदललेलं आणि नको तितकं दाट दिसलं, तर भाव पुन्हा बोलावा.

सिंथेटिकचा खर्च कुठे वसूल होतो

सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकतं, यात वाद नाही. ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला ऑइल बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. ज्या इंजिनात उष्णता हाच ऑइलचा मुख्य शत्रू आहे तिथे सिंथेटिक खरोखर जास्त दिवस जातं.

पण दोन लाख किलोमीटर झालेल्या पिकअपमध्ये ऑइल उष्णतेने संपण्याआधी काजळीने, खाली उतरलेल्या डिझेलने आणि धुळीने संपतं. या घाणीला बेस ऑइल महाग की स्वस्त, याचा फरक पडत नाही. शिवाय जे इंजिन ऑइल खातं किंवा गाळतं, त्यात महागडं ऑइल टाकणं म्हणजे पैसे सायलेंसरमधून सोडणं. म्हणून 'सिंथेटिक टाका आणि दुप्पट चालवा' हा सल्ला जुन्या गाडीला सगळ्यात कमी लागू पडतो.

सिंथेटिकने सील फाटतात ही भीतीही वाजवीपेक्षा मोठी आहे. बहुतेक वेळा सील आधीच गेलेलं असतं, ते गाळाने बुजलेलं असतं, आणि नव्या ऑइलने गाळ धुतला की गळती दिसू लागते. त्यामुळे पूर्वीचा मालक निष्काळजी होता असं वाटत असेल तर फ्लश मारून एकदम सगळा गाळ सोडवू नये. तो सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. साधं चांगलं ऑइल दोन-तीनदा लवकर बदलून गाळ हळूहळू काढावा.

बीएस-६ किंवा ठणठणीत टर्बो इंजिन, रोजचा महामार्ग आणि पुस्तिकेची परवानगी, असं जुळत असेल तर सिंथेटिकचा पैसा वसूल होतो. 'सेमी-सिंथेटिक' या शब्दावर मात्र फार भरवसा ठेवू नये. त्यात सिंथेटिक किती टक्के, याचं बंधन नाही.

पाणी, धूळ आणि रुई

जाडीच्या वादात ज्यांचं नावही निघत नाही, त्या तीन गोष्टी वऱ्हाडात ऑइलचा जास्त घात करतात.

पहिली पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर भागातली कित्येक गावं त्यात येतात. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी पिण्यालाही धड नाही. तेच पाणी बाटलीने रेडिएटरमध्ये जातं. आत क्षारांचा थर बसतो, नळ्या बुजतात, हेडच्या आसपासच्या वाटा अरुंद होतात. मग मे महिन्यात काटा चढतो, हेड पॅकिंग जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलच्या गेजला दुधाळ चहासारखा रंग दिसतो. त्या दिवशी चेंबरमध्ये कोणतं ऑइल होतं याला अर्थ उरत नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचा खर्च एका ऑइल बदलापेक्षा कमी असतो.

दुसरी धूळ. काळ्या मातीतल्या पांदण रस्त्यावर उन्हाळ्यात पुढची गाडी दिसत नाही. ही धूळ एअर फिल्टरच्या फटीतून आत गेली की ऑइलमध्ये मिसळून रिंगांना घासते. फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडण्याची पद्धत आहे. त्याने कागदाला बारीक छिद्रं पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि गाळेनासा होतो.

तिसरी रुई. जिनिंगच्या आवारात उडणारी रुई रेडिएटरच्या जाळीवर चिकटते आणि हवा अडवते. कापसाच्या हंगामात जाळी पाहायला दोन मिनिटं लागतात.

किलोमीटर, तास आणि ओझं

पुस्तिकेतला ऑइल बदलण्याचा आकडा साधारण वापरासाठी असतो. धूळ, घाट, सततचं पूर्ण ओझं, दीर्घकाळ उभ्याने चालू इंजिन या गोष्टींना बऱ्याच पुस्तिका 'कठीण वापर' म्हणतात आणि अंतर कमी करायला सांगतात. वऱ्हाडातली मालवाहू पिकअप या वर्णनात जवळजवळ शब्दशः बसते. त्यामुळे पुस्तिकेच्या मताचा खरा अर्थ 'त्यात लिहिलंय तेच ऑइल, पण अंतर निम्म्याच्या आसपास' असा घ्यावा.

बाजार समितीच्या रांगेत गाडी तासन् तास चालू ठेवली तर मीटर हलत नाही, ऑइल मात्र मळत राहतं. उभ्याने एक तास म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर, असा ढोबळ हिशेब धरावा. ऑइलसोबत ऑइल फिल्टर दर वेळी बदलावा. एका आड एक बदलण्यात वाचतं ते फार थोडं.

नवं ऑइल हजारभर किलोमीटरमध्ये काळं पडलं म्हणून घाबरू नये. डिझेल ऑइलचं कामच काजळी स्वतःत धरून ठेवण्याचं आहे. रंगापेक्षा पातळी बोलकी असते. दर आठवड्याला, गाडी सपाटीवर आणि थंड असताना गेज पाहावी. पातळी उतरत असेल तर ऑइल जळतंय किंवा गळतंय. पातळी चढत असेल तर जास्त काळजी करावी, कारण खाली डिझेल किंवा पाणी येतंय. बीएस-६ गाडीत गावातल्या गावात छोट्या फेऱ्या होत राहिल्या आणि गाळणी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट तुटत गेली, तर डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं. अशी गाडी अधूनमधून सलग महामार्गावर काढावी.

ड्रम, डबा आणि बिल

चौथ्या मतातलं 'लवकर बदला' हे अगदी बरोबर आहे. 'ड्रममधलं घ्या' हे नाही. लूज ऑइल सगळंच वाईट असतं असं नाही, पण त्याचा दर्जा कोणता, हे सिद्ध करणारं काही हातात येत नाही. वापरलेलं ऑइल नुसतं गाळून, रंग उजळून परत विकता येतं आणि ते दिसायला ठीक असतं. त्यातली रसायनं संपलेली असतात.

नामांकित कंपनीच्या नावाचा बनावट डबाही असतो. सील, झाकणाची कडी, बॅच नंबर, असल्यास क्यूआर कोड पाहावा आणि पक्कं बिल घ्यावं. रिकामा डबा गॅरेजमध्ये न सोडता भोक पाडून टाकावा, कारण बनावटवाल्यांना खरे रिकामे डबेच हवे असतात. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपावर त्यांचं स्वतःचं ऑइल मिळतं. इंडियन ऑइलचं सर्वो १९७२ पासून बाजारात आहे. खेड्यातल्या गाडीमालकाला तो सोपा आणि बऱ्यापैकी खात्रीचा मार्ग आहे. दर्जाचं अक्षर जुळत असेल तर सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ किंवा गाडी कंपनीचं स्वतःचं ऑइल, यांतल्या फरकाने पिकअपचं आयुष्य ठरत नाही. दोन कंपन्यांची एकाच जातीची ऑइलं अडीअडचणीला एकत्र केली तरी ती फाटत नाहीत. फक्त मिश्रणाचा दर्जा कमी प्रतीच्या ऑइलचा धरावा.

काढलेलं काळं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. नालीत सोडलं तर पाणी नासतं. बिनहिशेबी विकलं तर त्यातलंच काही उद्या लूज ऑइल म्हणून आपल्याच गाडीत येऊ शकतं.

गाडी घेतल्यावर

या सगळ्याचा व्यवहारातला क्रम असा लागतो. गाडी हाती आली की आधीच्या मालकाने काय सांगितलं ते बाजूला ठेवून ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलावेत. आरसीवरचं मानक पाहून अक्षर ठरवावं: बीएस-३ ला सीएच-४ किंवा वर, बीएस-४ ला सीआय-४ प्लस किंवा वर, बीएस-६ ला पुस्तिकेतलं कमी राखेचं आणि दुसरं काही नाही. जाडी पुस्तिकेतली. बहुतेक जुन्या डिझेल पिकअपला ती पंधरा-चाळीसच निघते. पहिला बदल मुद्दाम दोन-अडीच हजार किलोमीटरवर करावा आणि तोवर ऑइल किती कमी झालं याची नोंद ठेवावी. ती नोंद इंजिनची प्रकृती कुठल्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा नेमकी सांगते. रेडिएटर धुऊन कूलंट भरावं. टर्बो असेल तर घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवून मग चावी फिरवावी.

पुस्तिकेचं मत, अंतर निम्मं करून, सगळ्यात भक्कम ठरतं. जाड ऑइल झिजलेल्या साध्या इंजिनासाठी काही महिन्यांची सोय आहे. सिंथेटिक ठणठणीत किंवा नव्या मानकाच्या गाडीला शोभतं. ड्रमवाल्यांची घाई घ्यावी, ड्रम सोडावा. हातात हजार रुपये जास्तीचे असतील तर ते महागड्या डब्यापेक्षा आधी कूलंटवर, मग फिल्टरवर, मग लवकरच्या ऑइल बदलावर घालवावेत. एवढं सांभाळलेल्या पिकअपला दुकानात हाताला येईल त्या नामांकित कंपनीचं, योग्य अक्षराचं पंधरा-चाळीस चालतं.